भिंतीवरचा बाप

हीरोच्या बापाला मारायला मोडतोडला एक सकाळ मिळाली आणि घाईघाईत त्याने हाताशी होता तो बाप मारला. हाताशी त्याचा स्वतःचाच होता.

मोडतोड हे त्याला सिनेमावाल्यांनी दिलेलं नाव. सेटवर ज्या वस्तू मोडायच्या असतात त्या बनवणं हा त्याचा धंदा. डोक्यात फुटणारी बाटली, माणूस पडला की कोसळणारं टेबल, आणि मुख्य म्हणजे हीरोच्या एका लाथेत निखळणारं दार. त्या दिवशी दाराचंच दृश्य होतं. हीरो लाथ घालून घरात शिरणार, दिवंगत वडिलांच्या फोटोपुढे गुडघे टेकणार आणि पोटभर रडणार. फोटो एका म्हाताऱ्या नटाचा लावायचा ठरलं होतं. त्याने ऐन वेळी निरोप धाडला, की आपल्याला दुसऱ्या सिनेमात जिवंत बापाचं काम मिळालंय, तेव्हा यापुढे आपण भिंतीवर राहणार नाही. सिनेमात बापाला जागा दोनच, आरामखुर्ची नाहीतर भिंत. खुर्ची मिळालेला माणूस परत भिंतीवर कशाला जाईल?

"कुणाचा तरी बाप आणा," दिग्दर्शक म्हणाला.

मोडतोडच्या मोबाइलमध्ये वडिलांचा फोटो होता. वडील सुतार. कारखान्यात रंधा धरून उभे, आणि वाकड्या फळीकडे बघावं तसे कॅमेऱ्याकडे बघतायत. मोडतोडने फोटो मोठा करून काळ्या चौकटीत घातला आणि खिळा ठोकला. लांबून धूसर दिसेल, कोण ओळखतंय, असा त्याचा हिशेब. पण दिग्दर्शक त्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला.

"या माणसाने पोराला जन्मात शाबासकी दिलेली नाही," तो म्हणाला. "कॅमेरा अगदी जवळ घ्या."

दिग्दर्शकाला माणसं कळत होती, असं म्हणायला हवं. सुतारांनी उभी हयात न मोडणारी दारं करण्यात घालवली, आणि एकुलता एक मुलगा मोडणारी दारं करायला लागला. "पाडायचंच असेल तर दार करता कशाला?" एवढं एकदा विचारून त्यांनी बोलणं टाकलं होतं. तेव्हापासून बापलेकांचा व्यवहार आईमार्फत चाले, दोघं एकाच टेबलाशी जेवायला बसले तरी. मोडतोडला हे फार लागायचं. आपलं काम बाबांनी एकदा, फक्त एकदा बघावं आणि मग काय ती नावं ठेवावीत, एवढंच त्याचं मागणं होतं. पण बाबा सिनेमाला जात नसत.

सिनेमा लागला आणि चालला. मग सुताराच्या घरी माणसं यायला लागली. पहिल्यांदा आला काचवाला. तोंड पाडून त्याने बेल वाजवली, दार खुद्द मयत माणसाने उघडलं, आणि काचवाल्याला काही सुचेना तेव्हा तो खिडक्यांची मापं घेऊन गेला. लाकूडवाल्याने सुतारासाठी राखून ठेवलेल्या फळ्या जड मनाने दुसऱ्याला देऊन टाकल्या. एका मास्तरणीने कपाट करायला सांगितलं होतं, तिने ते दुसरीकडे टाकलं आणि सुताराच्या हाताची सर कुणाला येणार नाही, असं चार ठिकाणी सांगितलं. इतकं कौतुक सुताराच्या वाट्याला जिवंतपणी कधी आलं नव्हतं. काम मात्र बंद पडलं.

शेवटी आत्या बॅग घेऊन आली. जिन्यापासूनच तिने गळा काढला होता. भाऊ समोर दाढी करताना दिसला तरी तिला थांबता येईना. एवढ्या लांबून आणलेलं रडू परत कसं नेणार? ती रडली, जेवली, आपल्याला कुणी कळवलं नाही म्हणून आईशी भांडली आणि चांगली आठवडाभर राहिली.

सुतारांनी यावर आवाज चढवला नाही. जेवताना ते आईला एवढंच म्हणाले, "त्याला विचार, मी गेलो कधी?"

"ते विचारतायत, ते गेले कधी," आईने समोर बसलेल्या मुलाला सांगितलं.

मोडतोडने मान खाली घातली. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पुढे आईनेच त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की काम नसल्यामुळे बाबा हल्ली दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी जातात, विचारलं तर उत्तर देत नाहीत. दुसऱ्या दिवशी मोडतोड अंतर ठेवून मागोमाग निघाला. बाबा वळले ते थेट सिनेमाच्या थिएटरात. तिकीटवाल्याने त्यांना न विचारताच तिकीट फाडून दिलं.

मोडतोड मागच्या रांगेत बसला. पडद्यावर दार पडलं, हीरो आत आला, आणि फोटोतल्या बाबांनी त्याच्याकडे नापसंतीने बघितलं. "बाबा, तुम्ही बरोबर होतात. मी चुकलो," हीरो हुंदके देत म्हणाला. थिएटरभर नाकं ओढल्याचे आवाज झाले. पोटचा पोर म्हणत नाही ते ऐकायला बाप रोज तिकीट काढून येतो, हे मोडतोडच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

खेळ सुटल्यावर त्याने बाबांना जिन्यापाशी गाठलं. शब्द जुळवायला वेळ नव्हता, त्यामुळे आयते होते तेच आले.

"बाबा, तुम्ही बरोबर होतात. मी चुकलो."

"हे आत झालं," सुतार म्हणाले. "ते मी ऐकत नसतो."

"मग रोज येता कशाला?"

"दार बघायला." सुतारांनी इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "त्याचा पाय लागेपर्यंत हलत नाही. पडतं तेव्हा अख्खं पडतं, चिरफळ्या होत नाहीत. किती वेळा बघितलं, पण कळत नाही. बिजागरीला काय केलंस?"

कैक वर्षांत पहिल्यांदाच बाबा थेट त्याच्याशी बोलत होते. मोडतोडचे डोळे भरून आले, पण प्रश्न बिजागरीचा होता, म्हणून त्याने आधी उत्तर दिलं. आखूड स्क्रू, मागून मारलेला करवतीचा काप, कापात भरलेलं मेण. तो हातांनी हवेत दार करून दाखवत होता आणि सुतार त्या हवेतल्या दाराला बोट लावून बघत होते.

"चौकट हलली नाही," ते अखेर म्हणाले. "चांगली बसवलीस."

तेवढ्यात जिना उतरणाऱ्या एक बाई सुतारांना बघून जागच्या जागी थबकल्या. त्यांचा रुमाल अजून ओलाच होता.

"तुम्ही त्या हीरोचे वडील ना? अहो, मघाशी केवढी रडले मी तुमच्यासाठी."

आपण जिवंत आहोत हे लोकांना सांगून सांगून सुतार थकले होते. आज त्यांनी तो विषयच काढला नाही. त्यांनी मुलाला दंडाला धरून पुढे ओढलं.

"मी त्याचा कुणी नाही, बाई. ते दार पडतं ना, ते ह्याने केलंय. मी ह्याचा बाप."

बाईंना दार काही आठवेना.

"मग परत बघा," सुतार म्हणाले. "आणि फोटोकडे बघत बसू नका."