गिरजा घारीची मागची जागा

गोष्ट सांगायची माझी अजिबात इच्छा नाही. शाळेच्या अंकात एक पान रिकामं राहिलं, म्हणून सूनबाईनं कागद-पेन पुढ्यात आणून ठेवलं. प्राण्यांचं काहीतरी लिहा म्हणाली. लिहून झाल्याशिवाय चहा मिळणार नाही. तेव्हा पोरांनो, गप बसा आणि मधे प्रश्न विचारू नका.

एका जंगलात ओढ्याकाठी अर्जुनाची झाडं होती आणि त्यांवर बगळ्यांची वस्ती होती. पलीकडच्या डोंगरावरचे डोमकावळे त्यांची अंडी पळवायला यायचे. म्हणून त्या जंगलात आभाळ राखणारं एक पथक होतं.

पथकात जोड्या असत. पुढं ससाणा, मागं घार. ससाण्यानं झडप घालायची आणि घारीनं त्याची शेपूट सांभाळायची. कारण डोमकावळा समोरून येत नाही. तो मागून येतो, शेपूट धरतो आणि ओढतो. मग कसला ससाणा नि कसलं काय, धोंड्यासारखा खाली.

उडण्याआधी घार ससाण्याच्या मानेमागची पिसं चोचीनं नीट करायची. स्वतःची मान स्वतःला कुठं दिसते? मग ती म्हणायची, "मागं मी आहे." एवढं ऐकल्याशिवाय ससाणा फांदी सोडत नसे.

गिरजा घार बारा वर्षं धोंडू ससाण्याच्या मागं उडत होती. बारा वर्षांत धोंडूच्या शेपटीचं एक पीस गेलं नव्हतं. गिरजेला त्याचा अभिमान होता, पण तो बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

एक दिवस विश्वंभर रानकोंबडा पथकाकडं आला. हा कादंबऱ्या लिहायचा. आयुष्यात सगळ्यात उंच तो बोरीच्या झुडुपावर गेला होता, तेही कोल्हा मागं लागला म्हणून. आता त्याला हवाई युद्धावर लिहायचं होतं.

त्यानं विचारलं, वर गेल्यावर कसं वाटतं? धोंडू म्हणाला, गार वाटतं. गिरजेनं सगळं खरं सांगितलं. सहा महिन्यांत लढाई होते अर्धी घटका. बाकीचा वेळ फांदीवर बसायचं, वारा बघायचा, एकमेकांच्या उवा काढायच्या. भूक लागली की चिडचिड होते. उतरताना पाय लटपटतात.

विश्वंभर मान डोलवत राहिला. लिहून मात्र त्यानं काही घेतलं नाही.

दोन महिन्यांनी कादंबरी आली. धोंडूचं नाव त्यात वज्रपंख होतं. पानापानावर लढाई होती. वज्रपंख एकटा उडायचा. झडप घालता घालता तो मातृभूमीवर दीड पान बोलायचा आणि तोवर शत्रू हवेत थांबून ऐकून घ्यायचा. उवा एकाही पानावर नव्हत्या. गिरजा मात्र होती. ती झाडाखाली उभी राहून ओल्या डोळ्यांनी वर बघायची.

सगळं जंगल वेडं झालं. तरस रडलं. साळिंदरानं पोराचं नाव वज्रपंख ठेवलं. वाघमहाराजांनी दुपारच्या झोपेला सुट्टी देऊन पुस्तक संपवलं आणि पथकाला बोलावून घेतलं.

"ही मागची जागा कसली?" त्यांनी विचारलं. "पुस्तकात तर नाही."

गिरजा म्हणाली, "महाराज, पुस्तकात नाही, पण कावळ्याला ठाऊक आहे."

महाराजांना ते आवडलं नाही. त्यांनी मागची जागा रद्द केली. ससाण्यांनी पुस्तकातल्या वज्रपंखासारखी एकेकट्यानं, सूर्याच्या बाजूनं झडप घालावी असं ठरलं. घारींना खाली उतरवलं. कारभारी कोल्ह्यानं गिरजेचं नवं काम कागदावर लिहून दिलं : झाडाखाली उभं राहणं आणि डोळे ओले ठेवणं.

ती रोज उभी राहू लागली. डोळे काही ओले होईनात. कोल्हा येऊन तपासून जायचा आणि शेरा मारायचा. डोळ्यांचं तिला काही नव्हतं, पण धोंडूची मान तिला खालून दिसायची. पिसं विस्कटलेली होती. दुसरं कुणी ती नीट करत नव्हतं.

मग एका सकाळी डोमकावळे आले. चाळीस तरी असतील.

ससाणे उठले. प्रत्येकाला पुढं जायचं होतं. सगळे सूर्याकडं गेले, आणि सूर्य एकच असल्यामुळं तिथं गर्दी झाली. दोघे एकमेकांवर आपटले. उरलेल्यांना उजेडानं काही दिसेना. धोंडू तेवढा नीट सुटला. खाली बगळे माना वर करून बघत होते. त्याला वाटलं, आता बोलायला हवं. त्यानं चोच उघडली.

पोरांनो, झडप घालताना चोच उघडली की वारा आत शिरतो. धोंडूला ठसका लागला. तो हवेत खोकत राहिला आणि मागून एका डोमकावळ्यानं त्याची शेपूट धरली.

गिरजेनं कोल्ह्याकडं बघितलंही नाही. ती बाणासारखी वर गेली आणि तिनं कावळ्याच्या मानेत नख्या रोवल्या. कावळा ओरडून सुटला. धोंडूची दोन पिसं त्याच्यासोबत गेली. एव्हाना तीन घरटी रिकामी झाली होती. बाकीची वाचली, कारण गिरजेला बघून इतर घारीही हुकूम विसरल्या होत्या.

पुढच्या महिन्यात कादंबरीचा दुसरा भाग आला. त्यात वज्रपंखाला ऐन झडपेत आतला आवाज ऐकू येतो, तो हवेतच उलटा फिरतो आणि शत्रूला लोळवतो. गिरजा या भागातही झाडाखालीच होती. आता तिचे डोळे सुजले होते.

गिरजा धोंडूकडं गेली. म्हणाली, तू तरी सांग काय झालं ते. धोंडूनं पुस्तक पंखाखाली धरलं होतं. त्यानं शेपटीच्या रिकाम्या जागेकडं एकदा बघितलं.

"मी उलटा फिरलो असेन, गिरजा," तो म्हणाला. "गडबडीत तुझ्या लक्षात आलं नसेल."

ती तशीच विश्वंभर कोंबड्याकडं गेली. तो सत्काराला निघाला होता. शालीचं टोक सारखं करत होता. गिरजेनं भांडण केलं नाही. मला लिहायला शिकवा, एवढंच ती म्हणाली. पुढची गोष्ट माझी मी लिहीन.

विश्वंभर मायेनं हसला.

"गिरजाबाई, लिहिणं तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही," तो म्हणाला. "त्याला अनुभव लागतो."

तात्पर्य : मुलांनो, कष्टानं उडायला शिकलात, तर फार तर एखाद्याचा जीव वाचवाल. तो कुणी वाचवला हे जमिनीवर बसलेला ठरवतो. म्हणून वेळीच जमिनीवर बसा आणि चांगली जागा धरा.

बाकी मी हवाई दलाच्या विमानतळावर सव्वीस वर्षं फटाके फोडून धावपट्टीवरचे पक्षी हाकलले, तेव्हा लढाऊ विमानं सुखरूप उडाली. वाचनालयात हवाई युद्धावरच्या एका कादंबरीची सभा होती, तिथं हे सांगायला उठलो, तर "आजोबा, कादंबरीत असलं काही नसतं, खाली बसा," असं मला म्हणण्यात आलं. त्याची माफी अजून आलेली नाही. म्हणणारा त्या कादंबरीचा लेखक, नाव प्रभाकर दुसाने.