अंजनाबाईंचा दमा आणि दोनशे पंधरावा पेपर

बरे वाटणे ही माणसाची खासगी बाब आहे. शास्त्रज्ञासमोर ती बोलून दाखवू नये. हर्षा लग्न होऊन सक्करदऱ्याच्या घरी आली, त्याच आठवड्यात नवऱ्याच्या प्रयोगशाळेतला जुना शिपाई धोंडबा तिला हे सांगून गेला होता. "मॅडम, सरायपुढे कोनाले बरं वाटून राह्यलं असं बोलू नका. ते छापून टाकतेत." हर्षा हसली. बाटल्या धुऊन धुऊन माणूस कडवट होतो, असे तिला वाटले.

तिचे यजमान डॉ. अंकुश गावंडे औषधी रसायनशास्त्राचे प्राध्यापक. सोळा वर्षांत दम्याच्या औषधावर दोनशे चौदा पेपर. प्रत्येकाचे शेवटचे वाक्य एकच: ‘निष्कर्ष आशादायक आहेत.’ या पेपरांचा इतरांनी तीन हजार एकशे सहा वेळा हवाला दिला. यालाच सायटेशन म्हणतात, आणि शास्त्रज्ञाची उंची त्यावरच मोजतात. (पैकी दोन हजार नऊशे हवाले सरांच्याच विद्यार्थ्यांचे. सरांचे नाव नसलेला प्रबंध तपासायला घेतला की सरांचे डोके दुखते. उरलेल्यांतले काही दुसऱ्याच गावंड्यांचे असावेत.) औषध घेतलेले रुग्ण: शून्य. अठरा उंदरांनी घेतले होते. त्यांचे म्हणणे नोंदवण्याची पद्धत नाही.

सरांच्या आई अंजनाबाई कोराडीला धाकट्या मुलाकडे, दुर्गेशकडे राहतात. तिथे दोरीवरचे कपडे घडी करण्याआधी वीजकेंद्राची राख झटकावी लागते. नऊ वर्षांपासून दमा. पण डॉक्टर नको. पोरगा दम्याचे औषध करतो आणि आईने दुसऱ्याचे घ्यावे, म्हणजे हलवायाच्या आईने शेजारून पेढे मागवावेत तसे. "अंकुशचं औषध येऊन राह्यलं, तेच घेईन," एवढे वाक्य त्या तीनदा थांबून पुरे करत.

हर्षाच्या तान्ह्या मुलीला न्यूमोनिया झाला, तेव्हापासून हर्षाला छातीकडे बघून श्वास मोजायची सवय लागलेली. एका रविवारी तिने सासूचे मोजले. मिनिटाला चौतीस. मग तिने शिकलेल्या बायका करतात तेच केले, खोटे बोलली. छातीचे डॉक्टर ‘अंकुशचं औषध तपासणारे साहेब’ म्हणून घरी आणले, त्यांनी लिहून दिलेल्या पंपावरचे लेबल खरवडले आणि पंप मुलाचा म्हणून आईच्या हाती दिला. तीन आठवड्यांत अंजनाबाई कुरड्या घेऊन गच्चीवर चढल्या.

त्या आनंदात जेवताना हर्षा बोलून गेली, आईंना आता बरं वाटतंय. पंपाचे ती पुढे सांगणार होती. पण इतके कानावर पडल्यावर पुढचे ऐकण्याची शास्त्रात गरज नसते. दोन महिन्यांत दोनशे पंधरावा पेपर आला: ‘दम्याच्या जुनाट रुग्णात अभूतपूर्व सुधारणा’. (रुग्णसंख्या एक. औषधाचे रूप: पिवळी कॅप्सूल. लेखकाशी नाते: अप्रस्तुत.) महिनाभरात एक्केचाळीस हवाले. पुरस्कार समितीने रुग्ण बघायला येण्याचे कळवले.

पेपरात कॅप्सूल आणि उशाशी पंप, अशी विसंगती निर्माण झाली. छापलेला पेपर बदलता येत नाही. आई बदलता येते. पंप हटवून पिवळ्या कॅप्सूल ठेवण्यात आल्या.

हर्षाने त्याच दिवशी नवऱ्याला पहिल्यापासून सगळे सांगितले. सरांनी शांतपणे ऐकले.

"पेपर छापून गेला न. आता पंपाची गोष्ट काहून काढून राह्यली? एक्केचाळीस लोकायले काय सांगू मी, माय माझी दुसऱ्याच्या औषधानं बरी झाली?"

ती कोराडीला गेली. अंजनाबाईंनी सगळे ऐकून घेतले. "पोराचं नाव झालं तं तुह्या पोटात दुखून राह्यलं काय वं?" त्या दिवसापासून हर्षाला त्या घराचे दार बंद. तिने दिलेला नवा पंप दुर्गेशने कपाटात कुलपात ठेवला आहे. दादा हो म्हणाला की देईन म्हणतो. समिती येऊन समाधानाने परतली. कॅप्सूल चालू आहेत.

तेव्हा वाचकहो, कोणी कोराडीकडे जात असाल, तर अंजनाबाईंना बघून या. त्या बरं आहे म्हणतील. ऐकू नका, घड्याळ काढा, मिनिटभर छातीकडे बघा आणि मोजा. तीसच्या वर गेले तर दुर्गेशला विचारत बसू नका, उचलून दवाखान्यात न्या. आणि तेवढी सवड नसेल, तर निदान हा मजकूर आवडला म्हणून चार जणांना पाठवू नका. सर तेही हवाल्यांत धरतात.