बबनतात्यांची बारूद

बबनतात्या रोज सकाळी आमच्याकडे येतात ते चहासाठी नव्हे, मिठासाठी. चपला काढून थेट स्वयंपाकघरात जातात, मिठाची बरणी उचलतात आणि कानाशी धरून हलवतात. मीठ खुळखुळलं तर मान डोलावतात. गप्प राहिलं तर घरातलं पोर नापास झाल्यासारखा चेहरा करतात. "मास्तर, हवा सादळली. आज जपाय पायजे." मग चहाही घेतात, कारण तोवर बायकोने तो ओतलेला असतो.

मी सणसरच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि तात्यांच्या अर्ध्या घरात भाड्याने राहतो. उरलेल्या अर्ध्यात तात्या आणि त्यांची बायको, आक्का. मधली भिंत एकच. त्या भिंतीत पलीकडून एक कोनाडा आहे, कोनाड्यात एक पितळी डबा असतो, आणि डब्यात बंदुकीची बारूद. घर घेताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमची गॅसची शेगडी बरोबर त्या कोनाड्याच्या अलीकडे आहे हे लक्षात आलं तेव्हा आम्हाला येऊन सहा महिने झाले होते. बायकोने त्याच दुपारी शेगडी समोरच्या भिंतीला नेली. तिकडे खिडकी नाही, त्यामुळे फोडणी टाकली की सगळं घर खोकतं. खोकलेलं परवडलं.

तात्यांची बंदूक ठासणीची. वडिलांच्या वेळची, पीक राखायच्या परवान्यावरची. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, वर चिंधी घालायची, गजाने ठासायची. एक बार काढला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्यात छर्रा मात्र कधी पडला नाही. "रानडुकराला मारायचं कशाला? मालक हितं हाय येवढं तेला कळलं तरी बास."

मी विज्ञानाचा मास्तर आहे हे कळल्यापासून तात्यांनी मला शिकवायला घेतलं.

"ही काढली चिनी वैद्यांनी. म्हातारपण टाळायचं औषध करत हुते. गंधक घातला, सोरा घातला, वर मध घातला. भडका उडाला अन दाढ्या जळाल्या. बघा मास्तर, मरण टाळाय बसली माणसं, अन निघाली ही."

सोरा कुठून यायचा, तर जुन्या पडक्या भिंतींवरून आणि गुरं बांधायच्या जागेवरून. तिथल्या मातीवर पांढरं फूल चढतं, ते खरवडून आणायचं. कोळसा करायचा तर हलक्या लाकडाचा, तुरकाठ्यांचा चांगला. हे सांगताना तात्या गोठ्याच्या भिंतीवरून असा हात फिरवायचे की मला त्या भिंतीचीही भीती वाटू लागली.

रायफलीतल्या नव्या बारुदीवर त्यांचा राग. "ती काडतुसात भरून येती. वापरलेलं पितळ घरी पुन्हा भरणारे शौकीन बी हायत म्हणं. भरू देत. पर तिला धूर न्हाय. बार कुणी काढला, कळतच न्हाय. आपली जुनी बघा. आवाज करती, धूर सोडती, वास तर कापडाला महिना महिना जात न्हाय. माणसानं काय बी करावं, पर मागं धूर ठेवून करावं."

रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला कालव्याकडच्या रानातून एक बार व्हायचा. एकच. दिवसभर मला त्याचीच धास्ती. पाच वाजल्यापासून मी हातात गरम चहा धरत नसे. एकदा पुण्याहून आलेले माझे मेहुणे बार ऐकून कॉटखाली गेले, ते पुन्हा आले नाहीत. बायको अजून त्याचा दोष तात्यांना देते. मी देत नाही.

मग निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, निकाल लागला की परत मिळतात. तात्यांनी आजवर कधी कुरकुर केली नव्हती. बंदूक गोधडीत गुंडाळायची, जमा करायची, पावती टोपीत ठेवायची. मधल्या दिवसांत वस्तीवरच्या कुणाची तरी बंदूक जमा करण्यातून सुटलेली असे, तिचा एक बार मागून घ्यायचा. यंदा मात्र एकही सुटली नव्हती. आणि यंदाच मला शहाणपण सुचलं. म्हटलं, डबाही देऊन टाका.

"बारूद द्यायचं कागदात न्हाय, मास्तर. थोडी हाताशी असलेली बरी."

मी आचारसंहितेचं नाव काढलं. तात्या हलले नाहीत. शेवटी मी नको ते बोललो. म्हणालो, "आक्का दिवसभर घरात असतात. हल्ली त्यांना काही उमजत नाही. एखाद्या दिवशी काडेपेटी हातात आली तर?"

आक्कांचं विसरणं वर्षभरात फार वाढलं होतं. लेकीचं नाव गेलं, गाव गेलं, मागच्या दिवाळीपासून तात्याही आठवणीतून गेले. तात्यांनी कोनाड्यातला डबा खाली काढला. मग म्हणाले, "खरं हाय तुमचं. चला."

माझ्या मोटारसायकलवर मागे तात्या, त्यांच्या खांद्याला बंदूक आणि आम्हा दोघांच्या मध्ये डबा. दर खड्ड्याला डबा माझ्या पाठीला टेकायचा आणि मी मनातल्या मनात बायकोचा निरोप घ्यायचो. ठाण्यात हवालदार बिडी ओढत होते. डब्यात काय आहे ते ऐकल्यावर बिडी कुठे गेली ते दिसलंच नाही. डबा शेवटच्या खोलीत गेला आणि हवालदारांची खुर्ची बाहेर व्हरांड्यात आली. "शेजारी मिठाची बरणी ठेवा, सायेब," तात्यांनी निघताना सांगितलं. "हवा कळत ऱ्हाईल."

घरी येऊन आम्ही शेगडी जुन्या जागी आणली. सहा वाजले. बार झाला नाही. इतक्या दिवसांनी मी संध्याकाळचा चहा गरम प्यायलो.

साडेसातला तात्या दारात उभे. "मास्तर, मोठा आवाज कसा काढायचा? तुमचं विज्ञान काय म्हणतं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. हाताला धरून मला पलीकडे घेऊन गेले. आक्का उंबऱ्याशी बसल्या होत्या, रानाच्या वाटेकडे तोंड करून. तात्यांना बघून त्यांनी पदर सावरला.

"पाव्हणं, तुमी जेवून घ्या. लेकीनं दिलंय करून. आमचं मालक रानातनं यायचं हायत. अजून बार न्हाय झाला." लेक म्हणजे माझी बायको; डबा तिनेच पाठवला होता.

तात्या मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगू लागले. लग्न झाल्यापासूनची रीत. रानातून निघताना एक बार काढायचा. बार ऐकला की आक्का तवा ठेवणार, तात्या दहा मिनिटांत घरी, ताटात गरम भाकरी. आक्का बाकी सगळं विसरल्या, पण बार झाला की अजून उठायच्या, पीठ घ्यायच्या आणि दारातून येणाऱ्या माणसाला नवरा म्हणून ओळखायच्या. तेवढ्या दोन घासांपुरतं.

"आणि डुकरं?" मी विचारलं.

"डुकरं कवाच गेली, मास्तर."

बंदूक नव्हती तरी बारूद हाताशी असती तर तात्यांनी काहीतरी जमवलं असतं. डबा मीच नेऊन दिला होता. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन आलो. निकालाशिवाय काही मिळणार नाही म्हणाले, आणि त्यांचंही खरंच होतं. मग संध्याकाळी मी कागदी पिशवी फुगवून फोडली. आक्कांनी मान वर केली नाही. रिकामं पिंप बडवलं. त्या म्हणाल्या, कुणाची तरी गाय धुडगूस घालतीय. शेवटी कालव्यावर जाऊन सुतळी बॉम्ब लावला, तर आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "कुणाचं तरी लगीन निघालंय." दोन दिवसांत घोटभर दुधापलीकडे पोटात काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू, नाहीतर बारामतीला हलवावं लागेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या उठले. "रानात जाऊन येतो. हितं बसवत न्हाय." हवेत गारवा होता. दारामागचा जुना खाकी कोट त्यांनी अंगात घातला. तो ते फक्त बार काढायला जाताना घालत. डोळे पुसायला माणूस किती वेळ रानात बसणार? अर्ध्या तासाने परत आले. मी ओसरीवरच होतो.

ते उंबरा ओलांडत होते, तेवढ्यात आक्कांनी मान वर केली. नाकपुड्या हलल्या. त्यांनी कोटाची बाही धरली, नाकाशी नेली.

"आला व्हय? बार ऐकूच आला न्हाय मला. हात धुवा, तवा ठेवते."

तात्या हात धुवायला गेले ते बराच वेळ मोरीतच उभे राहिले. मी तोंड फिरवलं.

निकालाला अजून बारा दिवस आहेत. कोट आमच्याकडे असतो, पिठाच्या रिकाम्या डब्यात, घट्ट झाकण लावून. सकाळी तात्या येतात, आता मिठाबरोबर तो डबाही तपासतात. संध्याकाळी कोट अंगात घालतात आणि बाही माझ्या नाकापुढे धरतात. "मास्तर, वास हाय नव्हं अजून?"

कालपासून मला नुसता ज्वारीच्या पिठाचा वास येतोय.

"आहे तात्या. चांगला आहे," मी म्हणतो. ते पलीकडची पायरी चढतात. मी आत येऊन मधल्या भिंतीला कान लावतो, आणि पलीकडे तवा वाजेपर्यंत तसाच उभा राहतो.