शेडगेसाहेबांचं तिसरं रीडिंग

शेडगेसाहेब केळी व्हर्नियरने मोजून घेतात. थट्टा करत नाही. जाडी मोजायचं ते कारखान्यातलं हत्यार त्यांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी कायम असतं. संत तुकाराम नगरच्या बाजारात केळीवाल्याने ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा महापालिकेचा माणूस आला समजून घाबरून दोन केळी जास्तीची दिली. साहेबांनी ती परत केली, कारण दोन्ही मापात बसत नव्हती.

चाकणच्या एकाच कंपनीत आम्ही दोघांनी जन्म काढला. मी प्रेसवर पत्र्याचे भाग काढायचो आणि साहेब इन्स्पेक्शनला बसून ते नाकारायचे. निवृत्त झाल्यावर नेमका त्यांच्या समोरचा फ्लॅट घ्यायची बुद्धी मला कशी झाली, हे माझी बायको अजून विचारते. "बरं वाटत नाही" असं यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. लगेच प्रश्न येतो, "रीडिंग काय?" माझ्या मुलीच्या लग्नातलं जेवण कसं होतं विचारलं, तर म्हणाले, "जिलब्यांचा व्यास एकसारखा नव्हता. बाकी ठीक."

ही गोष्ट घडली तेव्हा वहिनींना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा मंगेश आणि सून पल्लवी चिखलीला राहतात. चिखली काही लांब नाही, पण मंगेशच्या शिफ्ट, ओव्हरटाइम, त्यात तेव्हा घरात तीन महिन्यांचं बाळ. महिन्यातून एकदा तो यायचा आणि हेल्मेट हातात धरूनच चहा प्यायचा. साहेब कधी तक्रार करत नाहीत. करायला त्यांना येतही नाही.

त्या वर्षी कोविडमुळे बंद पडलेल्या शाळा पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि मोठ्या मुलांना लस मिळाली होती. साहेबांची तेरा वर्षांची नात ओवी एका शनिवारी आजोबांकडे राहायला आली. रविवारी संध्याकाळी परत जायची होती. त्याआधी दुपारीच शाळेच्या ग्रुपवर निरोप आला, की तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला कोविड झालाय. शुक्रवारपर्यंत दोघी एका डब्यात जेवत होत्या.

पल्लवीचा लगेच फोन आला. साहेबांचे कान प्रेसच्या आवाजाने कामातून गेलेत, त्यामुळे त्यांचे सगळे फोन स्पीकरवर असतात आणि सगळ्या मजल्याला ऐकू येतात.

"अण्णा, बाळ लहान आहे हो. टेस्ट होईपर्यंत ओवी तिकडेच राहू दे का? तुम्हाला त्रास तर नाही ना?"

"बघतो," साहेब म्हणाले. पण फोन ठेवल्यावर ते जे चालत आत गेले, ती चाल मी कंपनीत बोनसच्या दिवशीही पाहिली नव्हती.

खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोपं करून सांगितलं. पोरीचे दोन्ही डोस झालेत, लक्षण काही नाही, तर आज टेस्ट करून उपयोग नाही. मैत्रिणीला शेवटची भेटली तो दिवस शून्य धरा, पाचव्या दिवशी करा. मध्ये ताप-खोकला आला तर थांबू नका, लगेच करा. पाचव्या दिवशी निगेटिव्ह आली आणि पोर ठणठणीत असली, की खुशाल घरी पाठवा.

मी म्हटलं, "साहेब, लस झालीय पोरीची. कशाला एवढं?"

"गंज लागू नये म्हणून प्लेटिंग केलेला माल आपण न तपासता सोडत होतो का, सुर्वे?"

मग सुरू झालं इन्स्पेक्शन. फ्रिजवर तक्ता लागला. ताप तीन वेळा, ऑक्सिजन तीन वेळा. सकाळी डोळे मिटून वासावरून हिंगाची डबी ओळखायची, संध्याकाळी उदबत्ती. ओवी आतल्या खोलीत, साहेब हॉलमध्ये, खिडक्या सताड उघड्या आणि मध्ये उंबरठ्यावर पत्त्यांचा डाव. सोमवारी ओवीचं नाक वाहायला लागलं. साहेब टेस्टचं किट फोडणार, एवढ्यात त्यांना आठवलं की जेवणात ठेचा होता. लक्षण की ठेचा, हे ठरवायला त्यांनी स्वतः तेवढाच ठेचा खाल्ला. नाक वाहिलं. तक्त्यात नोंद झाली, 'कारण : मिरची.'

"आजोबा, मी काय बेअरिंग आहे का?" ओवी ओरडायची.

"बेअरिंग एवढं बोलत नाही."

आणि मग दोघं हसायचे. तीन वर्षं त्या दारापलीकडून मला फक्त बातम्या ऐकू यायच्या. आता भांडणं ऐकू येत होती, पिठलं करपल्याचा आरडाओरडा ऐकू येत होता. माझी बायको टीव्हीचा आवाज बारीक करून बसायची.

बुधवारी, बरोब्बर पाचव्या दिवशी, सकाळी टेस्ट झाली. किटमध्ये 'सी' समोर एकच रेघ आली तर निगेटिव्ह, 'टी' समोर दुसरी उमटली तर पॉझिटिव्ह. एकच आली. मी म्हटलं, चला, पोर सुटली.

"एक रीडिंग म्हणजे रीडिंग नव्हे," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोन दिवसांनी परत घेऊ."

शुक्रवारी परत एकच रेघ. "तीन रीडिंगची सरासरी धरतात," साहेब म्हणाले. रेघेची सरासरी कशी काढतात, हे मी विचारलं नाही. ज्या माणसाने कधी मालाची एक पेटी शिफ्टपेक्षा जास्त अडकवून ठेवली नाही, तो पोरीला अडकवून ठेवत होता. मला कळत होतं आणि मीही गप्प बसलो.

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. ओवी आत केस विंचरत होती. साहेब ट्यूबलाइटखाली ती पांढरी पट्टी धरून उभे होते.

"सुर्वे, बघ जरा. टी समोर पुसट काही दिसतंय का?"

उभ्या आयुष्यात या माणसाने मला काही बघायला सांगितलं नव्हतं. नुसत्या नजरेने केसाएवढा फरक पकडणारे साहेब माझ्या मोतीबिंदूवर विसंबले होते. मी पट्टी हातात घेतली. तिथे काही नव्हतं. पुसटसुद्धा नाही. मी "हो" म्हणालो असतो तर अजून आठवडा मिळाला असता.

"नाही साहेब. कोरी आहे."

त्यांनी पट्टी परत घेतली आणि पुन्हा एकदा ट्यूबलाइटखाली धरली. मग पट्टी पिशवीत बंद केली, हात धुतले आणि फोन लावला.

"पल्लवी, निगेटिव्ह. मंगेशला पाठव." थोडं थांबून म्हणाले, "बुधवारीच निगेटिव्ह होती गं. त्याच दिवशी पाठवता आली असती. मीच ठेवून घेतली. घरात कुणीतरी बोलत होतं, बरं वाटत होतं मला."

फोनवर बाळ रडत होतं. त्याला थोपटत पल्लवी म्हणाली, "मला माहीत होतं, अण्णा. आमच्या डॉक्टरांनीही पाचवाच दिवस सांगितला होता. ओवीने बुधवारीच पट्टीचा फोटो पाठवला मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी तोंडाने म्हणाला असता का, की राहू दे तिला म्हणून?"

साहेबांनी चष्मा काढला. पुसायला काही सापडेना, म्हणून तसाच हातात धरून ठेवला.

"उद्या शाळा आहे तिची. न्यावी लागेल," पल्लवी म्हणाली. "शनिवारी परत पाठवते. दर शनिवारी पाठवते."

"शनिवारी," साहेब म्हणाले. मग फोन तोंडाजवळ नेला आणि विचारलं, "किती वाजता?"