हसनमियांची बेगम

हसनमियांच्या बंडीचा खिसा आपोआप हलतो. इकडे आखातात, अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये नवा माणूस शिरला की आधी खिसा बघतो, मग दाराकडे सरकतो. हसनमियां मजेत सांगतात, "हबीबी, घाबरू नको. बेगम झोपलीय."

बेगम म्हणजे मुठीएवढी राखाडी खार. मी खार म्हटलं की ते तापतात. "खार नव्हे हो तात्या. पोटाला पिशवी आहे तिच्या. कांगारूच्या खानदानातली ती." मी शाळा चौथीत सोडली, पण खार मला कळते. नात म्हणते, "आजोबा, यू आर राँग." म्हटलं, असू दे.

पण बेगम उडते तेव्हा मीसुद्धा खुर्चीतून उठतो. पडद्याच्या दांडीवर चढते, मान डोलावून अंतर जोखते आणि सुटते! हातापायांमधलं कातडं पतंगासारखं ताणलं जातं अन् थेट हसनमियांच्या छातीवर. "यल्ला, लागली धक्क्याला," म्हणतात. फुजैराच्या बंदरात जन्मभर जहाजं ओढणारी टग-बोट चालवली, पण असा रुबाब तिथेही केला नसेल.

मध्यंतरी त्यांचं रत्नागिरीला डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मुलगा-सून दिवसभर कामावर. "तिकडे ऑस्ट्रेलियात हे प्राणी झाडाच्या ढोलीत गोतावळ्यानं राहतात. एकटी पडली तर खाणं सोडेल, मरेल," म्हणाले आणि अंगातली न धुतलेली बंडी काढून माझ्यापुढे धरली. "घाला. ती वासानं माणूस ओळखते."

"दुसऱ्याची बंडी मी घालत नाही."

"मग ऑपरेशन कॅन्सल. खलास. होतो आंधळा."

घातली.

निघायच्या संध्याकाळी टॅक्सी खाली उभी. बेगम दांडीवर. एका भिंतीशी ते, दुसऱ्या भिंतीशी मी. तिनं दोघांकडे बघितलं, मान डोलावली आणि माझ्याकडे झेप घेतली. नखं रुतली, पण मी हललो नाही. डाळिंबाचा दाणा पुढे केला. छातीवर बसूनच खाल्लान्. या वयात मला नाचावंसं वाटलं. "बघा, आली की नाही?"

"अल्हमदुलिल्ला. खाते," हसनमियां म्हणाले. मग बॅगेची चेन उगाच उघडत-लावत बसले. थोड्या वेळानं खालमानेनं म्हणाले, "एवढ्या लवकर?"

जिंकलेली गोष्ट मी आजवर कुणाला परत दिलेली नाही. तरी म्हणालो, "अहो, मला कोण विचारतंय? ती तुमच्या बंडीवर उडाली."

"तसंच असणार," म्हणत त्यांनी बॅग उचलली. दारातून वळून सांगितलं, "तात्या, धुवू नका हं."