ढेकणांचा कायदेशीर ताबा

शिंपीणबाईंच्या खोलीत ढेकूण झाले. एवढीशीच गोष्ट. पण शिवायला आलेल्या कोटाच्या कॉलरवर त्यातला एक भर दुपारी फेरफटका मारायला निघाला, तेव्हा ती गोष्ट पोटावर आली. खोली हेच दुकान. ‘तिच्याकडे ढेकूण आहेत’ एवढं गल्लीत पसरलं की मशीन झाकूनच ठेवायची. गाद्या उन्हात घालून झाल्या, उकळतं पाणी ओतून झालं. आता औषध भिंतीच्या भेगा फोडूनच मारावं लागणार होतं, आणि भिंत मालकाची. बाई मालकाकडे गेल्या.

मालकाने चष्मा लावून ताबापावती काढली. खोली देताना काय काय दिलं, त्याची यादी. बोट फिरवत वाचली.

"पंखा एक. बल्ब दोन. खिळे सात. ढेकूण कुठंयत? मी दिलेच नाहीत, तर माझे कसे?"

"अहो, पालसुद्धा यादीत नाही!"

"मग तीही तुमचीच. मी कधी हक्क सांगितलाय?"

बाईंनी भाडेतक्रार कार्यालय गाठलं. तिथला कारकून फार सरळ माणूस. त्याने नियम समजावून सांगितला : भिंतीतला ढेकूण मालकाचा, गादीतला भाडेकरूचा.

"आणि भिंतीतून गादीत येणारा?"

"तो वादग्रस्त. तीन प्रतींत अर्ज करा."

पंधरा दिवसांनी निरीक्षक मालकाला घेऊन आला, सकाळी साडेअकराला. गादी उचलून पाहिली आणि लिहिलं, ‘पाहणीच्या वेळी ढेकूण गैरहजर.’

"साहेब, एखादा सोडला तर ते अंधार पडल्यावरच निघतात."

"कार्यालय साडेपाचला बंद होतं, बाई. त्यांच्यासाठी सरकारने जागरण घालायचं?"

बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी कात्रीचं टोक भिंतीच्या भेगेत घातलं आणि खरवडलं. टच्च फुगलेले सात-आठ ढेकूण टपाटप टेबलावर पडले.

"भिंतीतले!" निरीक्षक खूश झाला. "म्हणजे मालकांचे."

"यादीत नाहीत," मालक म्हणाला.

"बाईंच्या सामानाच्या यादीतही नाहीत," निरीक्षकाने कागद चाळले. "म्हणजे हे तिसरेच कोणी. किती दिवस राहतायत?"

"चार महिने झाले."

"मालकांची लेखी परवानगी घेतली होती? तीस दिवसांवर जो राहतो तो पोटभाडेकरू."

"अहो साहेब, रक्त पितात ते माझं!"

निरीक्षकाने मान डोलावली आणि लिहिलं, ‘भोजनासह.’

बाईंना आठ दिवसांची मुदत मिळाली. पोटभाडेकरू ठेवले नाहीत हे सिद्ध करा, नाहीतर खोली सोडा. उपाय एकच होता. ढेकूण सगळ्या इमारतीत आहेत असं शेजाऱ्यांनी लिहून द्यायचं, म्हणजे ते बाईंनी ठेवलेले ठरणार नाहीत. बाई दारोदार फिरल्या.

"आमच्याकडे? छे, छे!" पहिल्या दारातले गृहस्थ कोपर खाजवत म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र हात धरून आत ओढलं. पलंगाचे चारी पाय रॉकेलच्या वाट्यांत उभे होते.

"तीन वर्षं झाली गं. सोलून काढलंय मेल्यांनी."

"मग करा ना सही, काकू."

"सही?" काकूंनी आधी दार लावून घेतलं. "वेडी का खुळी तू? पोरीचं लग्न व्हायचंय अजून. तुझं काय, एकटा जीव. दुसरीकडे जाशील."

सही कोणी केली नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. मालकाने एक कागद फिरवला होता. ‘आमच्या घरात ढेकूण नाहीत, पूर्वी नव्हते व पुढेही असणार नाहीत.’ त्यावर चौदाच्या चौदा घरांनी सह्या केल्या. काकूंनी तर दोनदा केली. एक यजमानांच्या वतीने.

निकाल लागला. बेकायदा पोटभाडेकरू ठेवल्याबद्दल बाईंनी खोली रिकामी करावी. ढेकणांना मात्र म्हणणं मांडण्याची संधी दिल्याशिवाय काढता येणार नाही. सुनावणी होईपर्यंत त्यांचा ताबा कायम राहील व भिंतीच्या भेगांना हात लावू नये.

शिंपीणबाईंनी मशीन हातगाडीवर चढवली. चौदा खिडक्यांचे पडदे सरकले. त्यातले नऊ त्यांनीच शिवलेले.

सध्या ती खोली रिकामी आहे. मालकाने पोपटी रंग मारलाय. बघायला येणारे विचारतात, पाणी किती वेळ येतं, ऊन कुठून येतं, शेजार कसा आहे. मालक छातीवर हात ठेवून सांगतो, शेजार एक नंबर. सभ्य माणसं. कधी कोणाच्या भानगडीत पडत नाहीत.

अगदी तुमच्यासारखी.