नकोरडी एकादशी

"उपवास असला की मी जास्तच व्यायाम करतो, काका! रिकाम्या पोटी जोर मारण्यात जी मजा आहे ना, ती भरल्या पोटी नाही!"

हे वाक्य प्रितेशने बोर्डीच्या चिकूवाडीत, होणाऱ्या सासऱ्यांसमोर, शिऱ्याची दुसरी बशी चाटूनपुसून संपवत टाकलं. डहाणूत त्याची स्वतःची जिम होती, पिळदार दंड होते आणि जागृतीचा होकारही होता. राहिला होता तो फक्त तिच्या वडिलांचा, म्हणजे गोविंदरावांचा. त्यांना जावई श्रीमंत नको होता की देखणा नको होता, शब्दाचा पक्का हवा होता. आपण जन्मात खोटं बोललो नाही असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे आणि त्यांची थोरली बहीण हिरकणी आत्या शेजारी बसून मान डोलवायची.

"अस्सं?" गोविंदराव म्हणाले. "मग येत्या एकादशीला माझ्यासोबत विवळवेढ्याचा देवीचा गड चढ. पण एकादशी नकोरडी हां!"

गोविंदरावांची आई उंबरगावची, त्यामुळे घरात निम्मे शब्द गुजराती. प्रितेश मात्र वाढला विरारला. त्याने शब्द मनातल्या मनात फोडला. न, कोरडी. कोरडी नव्हे ती! म्हणजे खाणं बंद, पिणं चालू. एवढंच ना?

"मी नेहमी नकोरडीच करतो, काका!" त्याने छाती पुढे काढली.

जागृतीला अर्थ विचारावा असं त्याला सुचलंही नाही. कळलेल्या शब्दाचा अर्थ कोण विचारतं!

एकादशीला पहाटेच त्याने तयारी केली. दोन शहाळी पोटात, वर तांब्याभर ताक, त्यावर लिंबू सरबत. शिवाय मलईसकट शहाळ्याच्या पाण्याची मोठी बाटली पाठीवरच्या बॅगेत. गडाच्या पायथ्याशी तो पोहोचला तेव्हा गोविंदराव सुकलेल्या ओठांनी हसत उभे होते.

"काल रात्रीपासून जिभेला पाण्याचा थेंब नाही," ते म्हणाले. "नकोरडी म्हणजे नकोरडी! अन्न नाही, पाणी नाही. मागे एक स्थळ आलेलं, मुलगा चोरून चहा पिऊन आला होता. पायरीवरूनच परत पाठवला. तुझं तसं नाही ना?"

प्रितेशने बॅगेचा पट्टा घट्ट आवळला. आता खरं सांगावं तर जागृती गेली!

"छे छे, काका! थेंब नाही!"

चढण सुरू झाली. जूनचं ऊन डोक्यावर आणि पाऊस अजून विरारलासुद्धा पोहोचलेला नाही. प्रितेशने पाय उचलला की बॅगेतून आवाज येई, डुबुक! दुसरा पाय, डुबुक!

"कसला रे आवाज?"

"पोट वाजतंय, काका. रिकामं आहे ना!"

"उथळ पाण्याला खळखळाट फार," गोविंदराव पुटपुटले आणि मागे वळून बघायला लागले. प्रितेशने बॅग पोटाशी कवटाळली, लेकुरवाळ्या बाईसारखी. आवाज थांबला. पण आता दुसरंच संकट उभं राहिलं. दोन शहाळी, ताक आणि सरबत, सगळी एकदम बाहेरची वाट विचारू लागली.

"काका, जरा आलो!" म्हणत तो करवंदीच्या जाळीमागे पळाला. पुढच्या वळणावर पुन्हा. त्यापुढच्या वळणावर पुन्हा!

"कालपासून पाणी नाही म्हणतोस," गोविंदरावांनी डोळे बारीक केले, "आणि सूर्या धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा काय सुटलायस?"

"जुनं पाणी आहे, काका. व्यायामाने सुटतं."

"असं? मग मार जोर! बघू तुझा व्यायाम."

सपाटीवर प्रितेशने जोर मारायला सुरुवात केली. प्रत्येक जोराला तो मनात देवीचा धावा करत होता, ताकदीसाठी नव्हे, धरण फुटू नये म्हणून! त्याचा जोश बघून गोविंदरावांनाही चेव आला. धोतर खोचून त्यांनी बैठका सुरू केल्या. "म्हातारा समजू नको मला!"

मग एका बैठकीनंतर ते उठलेच नाहीत.

प्रितेशला आधी वाटलं, दम घेतायत. पण गोविंदराव त्याच्याकडे बघून म्हणाले, "जागृती, दिवा लाव गं, अंधार झाला." भर उन्हात! त्यांचं अंग तापलं होतं आणि घामाचा पत्ता नव्हता. आजूबाजूला चिटपाखरू नाही. बॅगेत पाणी होतं. ते काढलं की चोरी उघडी पडणार, लग्न मोडणार आणि जागृती आयुष्यभर विचारणार, एक दिवस तहान मारता आली नाही तुला?

गेलं लग्न खड्ड्यात, त्याने मनात म्हटलं. माणूस जगला पाहिजे!

त्याने त्यांना सावलीला ओढलं, रुमाल भिजवून डोक्यावर ठेवला आणि घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने गोविंदरावांची नजर ताळ्यावर आली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग प्रितेशकडे.

"हे कुठून आलं?"

प्रितेशने सगळं ओकून टाकलं. न, कोरडी, शहाळी, ताक, करवंदीची जाळी, काही काही लपवलं नाही.

"अजून आहे का?" गोविंदरावांनी विचारलं.

बाटली रिकामी झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "आता ताईला काय सांगू रे? जन्मात खोटं बोललो नाही मी!"

"आजही बोलू नका, काका," प्रितेश म्हणाला. "फक्त शब्द जरा तोडून म्हणा."

बोर्डीला हिरकणी आत्या ओटीवरच बसली होती. शेजारी जागृती, श्वास रोखून.

"झाली का नकोरडी?"

"झाली," गोविंदराव घसा खाकरून म्हणाले. "न... कोरडी."

"अगदी न कोरडी, आत्या!" प्रितेशने साथ दिली.

आत्या उठली. पदराचं टोक घेऊन तिने भावाच्या मिशीतला मलईचा पापुद्रा अलगद टिपला आणि उजेडात धरून बघितला.

"गोविंद, पुढच्या वेळी नकोरडी केलीस की मिशीपण कोरडी करून ये," ती म्हणाली. "आणि जागृती, बघत काय बसलीस? जावईबापूंना पाणी आण!"

जागृती हसत आत धावली. प्रितेशने मात्र दोन्ही हात जोडले.

"पाणी नको, आत्या! बाथरूम कुठे आहे, तेवढं सांगा!"